अण्णांचे खण

अण्णांच्या संगणकात घरादाराचे सगळे फोटो होते आणि ते कपड्यांप्रमाणे लावलेले होते.

वर्षांप्रमाणे नाही की माणसांप्रमाणे नाही. कपड्यांप्रमाणे. ज्याला आपल्या लग्नाचा फोटो हवा असेल त्याने आपण त्या दिवशी काय घातलं होतं ते आधी आठवायचं आणि मगच अण्णांच्या खोलीत पाऊल टाकायचं. सूनबाईचा नवरा ‘राखाडी सूट, मधलं बटण सैल’ या नावाखाली सापडायचा. त्याच नावाखाली त्याचा चुलतभाऊही सापडायचा, कारण पुढे स्वतःच्या लग्नात त्याने तोच सूट मागून नेला होता. दोघांच्या बायकांनी मिळून पहिल्यांदा तो खण उघडला तेव्हा दोघींनी आपापला नवरा नीट निरखून घेतला होता.

खण हा अण्णांचा शब्द. बाकीचे लोक ज्याला फोल्डर म्हणतात त्याला अण्णा खण म्हणत, कारण त्यांनी उभा जन्म ड्रायक्लीनिंगच्या दुकानात काढला होता आणि त्या दुकानात भिंतभर खण होते. माणूस आत आला की अण्णा त्याच्या तोंडाकडे बघतच नसत, कॉलरकडे बघत. रस्त्यात कुणी हाक मारली तर हा बाबा कोण ते त्यांना शेवटपर्यंत उमगायचं नाही, पण ‘तपकिरी कोट, अस्तर बदललेलं’ एवढं तिथल्या तिथे आठवायचं. त्याच्यावर ते पुढचा सगळा संवाद निभावून न्यायचे.

गुडघ्यांनी असहकार पुकारला तेव्हा त्यांनी दुकान विकलं. मुलाने, म्हणजे सूनबाईच्या नवऱ्याने, त्यांच्या खोलीत जुना संगणक मांडून दिला आणि म्हणाला, “अण्णा, सगळ्यांच्या फोनमधले फोटो भरून वाहतायत. तुम्ही गोळा करा आणि नीट लावून ठेवा.” हेतू असा की म्हातारा गुंतून राहील. म्हातारा एवढा गुंतला की जेवायला चार हाका माराव्या लागत. हळूहळू घरात पद्धतच पडली. फोन भरला, की अण्णांकडे टाका. नणंद माहेरी आली की आधी पिशवी ठेवायची, मग फोन काढून द्यायची, जणू काही धुण्याचं गाठोडंच. अण्णा फोन रिकामा करून, पुसून, परत द्यायचे. त्याला आपोआप एक प्रकारचा हलकेपणा येत असे. नणंदेलाही.

लावण्याचे नियम कडक होते. एका फोटोत तिघं असली तर तो फोटो तीन खणांत जायचा, कारण तीन कपडे म्हणजे तीन नग. डाग असलेल्या कपड्याला वेगळा खण, मग तो कपडा एरवी घरात रोजचा का असेना. माणूस नसला तरी चालायचं. एकदा नवऱ्याने दाराशी टांगलेल्या त्याच्या ओल्या रेनकोटचा फोटो चुकून काढला होता, तो ‘काळा रेनकोट, गळका’मध्ये रीतसर लागला होता.

“अण्णा, ह्यात कुणीच नाहीये,” नवरा म्हणाला होता.

“रेनकोट आहे की,” अण्णा म्हणाले होते.

नवरा पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नकाशे काढायचा. जमिनीखालचा प्रत्येक नळ कुठल्या साली टाकला हे त्या नकाशावर लिहिलेलं असतं. त्याने वडिलांच्या पद्धतीपुढे तेव्हाच हात टेकले होते.

सूनबाईची मात्र काही तक्रार नव्हती. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दिवसभर लोकांना खुर्चीत बसवायचं, एक डोळा झाकायचा आणि वरची ओळ वाचा, आता खालची वाचा, असं म्हणत राहायचं. घरी आल्यावर कुठल्याही पद्धतीशी भांडायला तिच्यात जोर उरत नसे. शिवाय अण्णांच्या त्या खणांमध्ये तिची एक गोष्ट होती.

ती गोष्ट म्हणजे गुंडीचं चालणं.

गुंडी ही तिची मुलगी. हे नावही अण्णांनीच ठेवलेलं, गोल आणि हरवायला सोपी म्हणून. गुंडी जेमतेम एक वर्षाची होत होती तेव्हा सूनबाई पुन्हा कामावर रुजू झाली, आणि नेमक्या त्याच दिवशी, सूनबाई घराबाहेर पडल्यावर तासाभरात, गुंडी उठून चालायला लागली. इतके दिवस आई समोर बसून हात पसरायची, खुळखुळा दाखवायची, गयावया करायची, तेव्हा ही बया बुडावर बसून मजा बघायची. घरात फक्त अण्णा होते. त्यांनी जागचं न हलता फोन धरला आणि सूनबाईला व्हिडिओ पाठवला. सोबत दोनच शब्द होते. ‘गुंडी निघाली.’

सूनबाईने तो दुकानाच्या मागच्या खोलीत, भिंगं घासायच्या यंत्राशेजारी उभं राहून बघितला. मग परत बघितला. बाहेर एक गिऱ्हाईक एक डोळा झाकून तसंच बसून राहिलं होतं. ती बाहेर आली तेव्हा तिचेच डोळे असे झाले होते की गिऱ्हाइकाने आपला नंबर फारच वाढला असणार अशी समजूत करून घेतली.

तेव्हापासून ते चालणं म्हणजे तो व्हिडिओ. बाकीच्या आयांना आठवतं, तिला आठवायला काही नव्हतंच. होती ती ही एवढीशी फीत. बघून बघून तिला पाठ झाली होती. उजवं पाऊल आधी, डावं जरा फेंगडं, मधे एकदा गुडघा लचकतो, आता पडते की काय, नाही पडत. फोन भरला तेव्हा तिने ती बिनघोर पुसून टाकली. अण्णांकडे होती ना. पुढे दुकानातल्या मैत्रिणीला दाखवायची म्हणून अण्णांकडून एकदा मागून घेतली, दाखवली, आणि पुन्हा फोन भरला तेव्हा पुन्हा पुसली. अण्णांकडे होतीच.

आता गुंडीला वाचा फुटली होती आणि तिची चौकशी चालू झाली होती.

“मला चालता येत नव्हतं तेव्हा मी कशी जात होते?” सुट्टीच्या दिवशी सकाळी तिने आईच्या पाठीवर चढून विचारलं.

“रांगत.”

“मग?”

“मग एक दिवस उठलीस आणि चालायला लागलीस.”

“कुठे?”

“कुठे म्हणजे? घरात.”

“घरात कुठे? मी कुठे जात होते?”

सूनबाईने तिला पाठीवरून उतरवून समोर बसवलं. ज्या प्रवासाचं प्रत्येक पाऊल तिला पाठ होतं तो कुठे चालला होता हे तिने स्वतःला कधी विचारलंच नव्हतं.

“दाखवतेच तुला,” ती म्हणाली. “आजोबांकडे आहे.”

अण्णा खुर्चीत बसून नणंदेच्या फोनमधून उतरवून घेतलेल्या सहलीचे कपडे वेगळे करत होते. सूनबाईने दारातूनच सांगितलं, “अण्णा, गुंडी चालली तो व्हिडिओ काढून देता का जरा? पिवळा फ्रॉक, खिशावर बदक.” मागायचं कसं ते आता सगळ्या घराला कळलं होतं.

अण्णांनी वळून बघितलं. “तो नाही. तो गेला.”

“गेला म्हणजे?”

“तू नेलास ना. मैत्रिणीला दाखवायला.”

“अण्णा, मी मागितला, तुम्ही पाठवलात. मूळ तर तुमच्याकडेच असेल.”

“दिला म्हणजे दिला,” अण्णा शांतपणे म्हणाले. “गिऱ्हाईक माल घेऊन गेलं की खण मोकळा करायचा. नाहीतर नवा माल ठेवू कुठे?”

सूनबाई आत आली. तिने खोलीतल्या स्टुलावरचा टॉवेल उचलून दुसरीकडे ठेवला आणि बसली. “म्हणजे आजवर ज्याने ज्याने जो फोटो मागितला…”

“तो ज्याचा त्याला पोचता केला. आजपर्यंत एक तक्रार नाही.”

आणि हे खरंच होतं. तक्रार कशी येणार? फोटो मिळालेला माणूस खूश होऊन निघून गेला होता, आणि पुढे फोन भरला तेव्हा अण्णांकडे आहेच म्हणून त्याने तो पुसला होता. जो फोटो लोकांना फार आवडायचा तो फार वेळा मागितला जायचा, म्हणजे पहिल्याच फेरीत जायचा. कुणाला नको असलेले तेवढे वर्षानुवर्षं सुखाने नांदत होते. नवऱ्याच्या गळक्या रेनकोटाच्या केसालाही धक्का लागलेला नव्हता.

नवऱ्याला बोलावलं. त्याने सगळं ऐकून घेतलं, भुवया वर नेल्या आणि त्या तिथेच राहिल्या. “कचऱ्याच्या डब्यात असेल,” तो म्हणाला आणि संगणकातला डबा उघडला. डबा लख्ख होता, अण्णांचा फोनही.

“रोज संध्याकाळी झाडून घेतो,” अण्णा म्हणाले. “कचरा तसाच टाकून दुकान बंद करायचं नसतं.”

मग फोनाफोनी झाली. नणंद म्हणाली, “माझ्याकडे कुठला असायला, वहिनी? अण्णांकडे बघ ना.” सूनबाईने अण्णांकडे काय झालंय ते सांगितलं. पलीकडे दार लावल्याचा आवाज आला. मग नणंदेने अगदी हळू आवाजात विचारलं, “वहिनी, माझा दुसऱ्या बाळंतपणानंतरचा निळ्या गाऊनमधला फोटो… तो मी मागितला होता का गं?” सूनबाईला ते माहीत नव्हतं. मैत्रीण म्हणाली, “तू तुझ्याच फोनवर दाखवलास, मला कुठे पाठवलास?” चुलतभावाला कशाचीच आठवण नव्हती, पण त्याने राखाडी सूट अजून आहे ना एवढी खात्री करून घेतली.

अण्णा मधे मधे एकच प्रश्न विचारत होते. दुकानात पावती हरवलेलं गिऱ्हाईक आलं की ते हाच प्रश्न विचारत. “बरं, सोबत आणखी काय होतं?”

“कशासोबत?”

“त्या फ्रॉकसोबत. त्यात आणखी कोण होतं? दुसरा नग असेल तर त्याच्या खणात जोडीचा असणार. कोट नेला म्हणून पँट कुणी देत नाही.”

“कुणी नव्हतं, अण्णा,” सूनबाई म्हणाली, आणि तिचा आवाज तिला हवा होता त्यापेक्षा वर गेला. “तुम्ही फोन धरून बसला होतात आणि बाकी घरात कुणी नव्हतं. मी नव्हते. ती होती आणि फरशी होती. फरशीचा खण आहे का तुमच्याकडे?”

फरशीचा खण नव्हता.

“आठवा ना, काढलात तर तुम्हीच,” नवरा म्हणाला.

अण्णांनी खूप वेळ विचार केला. “मी पोरीकडे बघत होतो,” ते म्हणाले.

आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी कपड्याकडे न बघता माणसाकडे बघितलं असावं, आणि ते असं अंगाशी आलं होतं.

नवऱ्याने मग निकाल दिला. आजपासून अण्णांनी कशाला हात लावायचा नाही. पुढच्या सुट्टीला तो सगळं तारखेप्रमाणे लावून घेणार, वर्ष, महिना, संपलं, आणि एकाच फोटोच्या दोनदोन तीनतीन प्रती ज्या जागा अडवून बसल्यात त्या एका दणक्यात उडवणार. अण्णा ‘बरं’ म्हणाले. त्यांनी संगणक बंद केला, त्याच्यावर टॉवेल घातला आणि चारी बाजूंनी नीट खोचला. दुपारी ते जेवायला पहिल्याच हाकेला आले. ते बघून सूनबाईने त्यांना न विचारताच आणखी एक पोळी वाढली.

जेवणानंतर गुंडी झोपली. गुंडीची दुपारची झोप म्हणजे सूनबाईची स्वतःची जहागीर होती. त्यात ती केस विंचरायची, फोनवर बोलायची, किंवा नुसतीच भिंतीकडे बघत बसायची. आज ती अण्णांच्या खोलीत गेली. अण्णा पलंगावर भिंतीकडे तोंड करून आडवे झाले होते. झोपले नव्हते. झोपलेला माणूस इतका गप्प नसतो.

तिने टॉवेल काढला, घडी घातली, संगणक चालू केला.

नावांची रांगच्या रांग समोर आली. ‘लाल शर्ट, इस्त्रीने भाजलेला.’ ‘पांढरी पँट, पुन्हा पांढरी होणार नाही.’ ‘बाळाचे मोजे, एकच.’ तो एक मोजा तिने उघडला. आधी तो नवऱ्याच्या पायात होता, जुन्या अल्बमातून फोनवर टिपलेला तान्हा नवरा, तोंडाचं बोळकं. मग नणंदेच्या पायात. मग गुंडीच्या. तीन बाळं, एक मोजा, आणि तिघांच्याही दुसऱ्या पायात भलताच मोजा. तारखेप्रमाणे लावले तर ही तिघं पुन्हा कधी एकमेकांना भेटणार नव्हती. सूनबाईने तो खण बंद केला. ती मोजे बघायला आली नव्हती.

सोबत आणखी काय होतं?

तिने डोळे मिटले आणि फीत मनात लावली. उजवं पाऊल, डावं फेंगडं, लचकलेला गुडघा. पावलं सगळी होती. पावलांच्या वर काय होतं ते काही केल्या दिसेना. दिवसभर जगाला वरची ओळ वाचायला लावणारी बाई, आणि स्वतः इतके दिवस नुसती खालचीच ओळ वाचत आली होती.

मग तिने फीत सोडली आणि तो दिवस धरला. सकाळ कशी होती? वाईट होती. निघायच्या घाईत तिने गुंडीला शेवटचं खांद्यावर घेतलं, आणि गुंडीने प्यायलेलं सगळं दूध तिच्या अंगावर काढलं. धुवायला वेळ नव्हता. तिने स्वेटर उतरवला, खुर्चीच्या पाठीवर टाकला, आणि तशीच कुडकुडत निघून गेली. संध्याकाळी आली तेव्हा तो तिथेच होता आणि त्याला वास मारत होता. एवढं आठवलं आणि तिने डोळे उघडले.

“अण्णा,” ती म्हणाली.

“हं.”

“माझा हिरवा स्वेटर कुठल्या खणात असेल?”

“हिरव्या स्वेटरात.” अण्णा भिंतीलाच बोलले.

तिने तो उघडला. त्यात ती बागेत होती, ती दारात होती, ती नणंदेसोबत होती. व्हिडिओ नव्हता. ती तशीच बसून राहिली. तेवढ्यात पलंगावरून एक प्रश्न आला, सावकाश, जुन्या सवयीने विचारल्यासारखा.

“डाग होता का?”

“होता,” सूनबाई म्हणाली. “दुधाचा. डाव्या खांद्यावर.”

अण्णा कुशीवर वळले. “मग तो साध्या खणात कशाला असेल,” ते म्हणाले. “डागांचे खाली लागतात. अगदी खाली बघ.”

अगदी खाली ‘हिरवा स्वेटर, खांद्यावर दुधाचा डाग’ असा खण होता. आत एकच नग होता.

फोनवर जे टिचभर दिसायचं ते इथे हातभर होतं. फरशी तीच होती. पिवळा फ्रॉक तोच, बदक तेच. उजवं पाऊल, डावं फेंगडं. सूनबाईने हट्टाने नजर वर नेली. वर, समोर, खुर्ची होती. खुर्चीच्या पाठीवर तिचा स्वेटर होता, आणि त्याची एक बाही खाली लोंबत होती. गुंडी त्या स्वेटरकडे बघत चालली होती. गुडघा लचकला तेव्हाही तिने खाली बघितलं नाही. ती खुर्चीपाशी पोचली, दोन्ही हातांनी ती बाही धरली आणि तिच्यात तोंड खुपसलं. तिथे फीत संपत होती. शेवटचा तो जरासा भाग फोनवर बघताना सूनबाई कधी थांबलीच नव्हती. पावलं संपली की ती परत सुरुवातीला जायची.

तिने फीत पुन्हा लावली. अण्णा उठून गुडघे सांभाळत तिच्या मागे येऊन उभे राहिले होते. त्यांनीही बघितलं.

“डाग गेला का गं तो?” त्यांनी विचारलं.

“गेला.”

“दुधाचा लवकर जातो. थंड पाण्यात टाकायचा.”

“थंड पाण्यातच टाकला होता.”

“बरं केलंस,” अण्णा म्हणाले. तोवर तिच्या चेहऱ्यावर काय चाललं होतं तिकडे त्यांनी बघितलं नाही. गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे न बघायची त्यांची सवय कधीकधी फार सोयीची होती.

गुंडी उठली तेव्हा तिला मांडीवर घेऊन दाखवलं. गुंडीने सगळं शेवटपर्यंत, गंभीरपणे बघितलं.

“तू नव्हतीस तिथे,” ती म्हणाली.

“नव्हते.”

“मी तुझ्याकडे चालले होते, पण तू नव्हतीस, म्हणून मी स्वेटरकडे गेले.”

“हो.”

“मला केळं दे,” गुंडी म्हणाली. तिच्या दृष्टीने प्रकरण मिटलं होतं.

संध्याकाळी नवऱ्याने येऊन बघितलं. त्याच्या भुवया सकाळपासून पहिल्यांदा खाली आल्या. जोडीच्या प्रती उडवायचा विषय त्याने स्वतःहून पुन्हा काढला नाही. तारखेप्रमाणे लावणं मात्र चांगलंच असतं, असं तो जाताजाता म्हणाला. सूनबाई म्हणाली, “तू ते पाण्याच्या नळांचं लाव.” मग तिने त्याला त्या एका मोज्याच्या खणाशी नेऊन बसवलं, आणि तो बराच वेळ तिथून उठला नाही.

अण्णांनी संगणकाचा ताबा परत घेतला. दिलेला माल खणातून काढायचा नाही, हे त्यांनी सगळ्यांसमोर कबूल केलं. धंद्याच्या दृष्टीने हे साफ चूक आहे, असं त्यांचं मत होतं आणि तेही त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं.

“हं, बोल,” शेवटी ते सूनबाईला म्हणाले. त्यांचं बोट त्या खणावर तयार होतं. “पाठवू तुझ्या फोनवर?”

अण्णांनी कबूल केलं होतं हे खरं होतं. पण आयुष्यभराच्या सवयीचं बोट होतं ते. सूनबाईने त्या बोटाकडे बघितलं.

“नको,” ती म्हणाली. “इथेच राहू दे. मी येऊन बघून जाईन.”

“अगं, तुझाच माल आहे.”

“असू दे. मी न्यायला आलेच नाही असं समजा.”

अण्णांनी थोडा विचार केला. न नेलेल्या मालालाही दुकानात एक रीत होती. तो वरच्या फळीवर, सगळ्यांना दिसेल असा ठेवायचा, आणि मालक येईपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही. त्यांनी तो खण अगदी खालून उचलला आणि सगळ्यांत वर नेऊन ठेवला. मग चष्मा पुसला, एकेक अक्षर शोधत, सावकाश, त्याच्या नावापुढे लिहिलं: ‘मालकीण येऊन बघून जाते.’